तीनचाकी ओढते, वळत नाही, अंगावर येते: दुचाकीवरून आलेल्यांनी काय काय तपासावं

अंबाजोगाईत माझं गॅरेज आहे. स्कूटरला साइडव्हीलचं किट बसवणं, बसवलेलं नीट करणं आणि मोटरसायकलच्या मागं दोन चाकांचा ॲक्सल घातलेल्या गाड्यांची दुरुस्ती, हे काम मी चौदा वर्षं करतोय. साइडव्हीलच्या स्कूटरला मोजून चार चाकं असतात, कारण मागचं मूळ चाक साइडच्या दोन चाकांच्या मध्ये तसंच राहतं. पण सगळे तिला तीनचाकीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार आहे.

गाडी घेऊन गेलेल्या माणसाचा आठ-दहा दिवसांत फोन येतो. पाय अधू झाल्यामुळं, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं किंवा वयामुळं ज्यांना दुचाकी सोडावी लागली, त्यांचा तर हमखास येतो. "मामा, गाडी डावीकडं वढायलीय." "मी वळवायलोय तिकडं वळंना झालीय." तक्रार खरी असते, माणूस घाबरलेला असतो. घाबरून तो जवळच्या वेल्डिंगवाल्याकडं जातो, तिथं किट वाकवून घेतो आणि चांगली गाडी कायमची बिघडते. तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ठरवा.

सरळ रस्त्यावर गाडी डावीकडं ओढते आणि अर्ध्या तासात उजवा खांदा भरून येतो. वळणावर गाडी सरळच जाते, किंवा क्षणभर उलट्या बाजूला जाते. वळताना आतलं चाक हलकं होतं आणि अंग बाहेर फेकलं जातं. वीस ते पस्तीसच्या वेगात हॅण्डल थरथरतं, वेग वाढला की थांबतं. उभी असताना गाडी झोक्यासारखी डुलते. ब्रेक दाबला की मधलं चाक घसरतं. रेस दिली की गाडी एका बाजूला जाते आणि सोडली की दुसऱ्या बाजूला. पुढचं चाक खड्डा चुकवतं, पण मागचं नेमकं त्यातच जातं.

पहिल्या तीन तक्रारींत बहुतेक वेळा गाडीचा दोष नसतो. थरथर, डुलणं, घसरणं आणि रेसवर ओढणं यांत बहुतेक वेळा असतो. तरी तपासण्या खाली दिलेल्या क्रमानंच करा. पहिल्या तिन्हींना एक रुपयाही लागत नाही, आणि त्या न करता पुढचं काही खोललं तर खरं कारण हाती लागत नाही.

जागा बदलून बघा

आपले डांबरी रस्ते मधोमध उंच आणि कडेला उतरते असतात. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून मीटरमागं दोन-अडीच सेंटिमीटर उतार ठेवलेला असतो. आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणजे कायम डावीकडच्या उतारावर. दुचाकीला हा उतार कळतच नाही, कारण रस्ता कसाही असला तरी ती उभीच राहते. वीस वर्षं त्याच रस्त्यावरून गेलेल्या माणसाला तो उतार आहे हे माहीतही नसतं. तीनचाकी मात्र रस्त्याबरोबर कलते. ती कलली की तिचं वजन डावीकडं जातं आणि पुढचं चाकही तिकडंच ओढ घेतं.

म्हणून गाडी सपाट जागेवर न्या. मोंढ्यातलं सिमेंटचं आवार रिकामं असेल तेव्हा, किंवा शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशी. हॅण्डल दोन्ही हातांत हलकं धरून दहा-पंधराच्या वेगानं सरळ जा, मग त्याच रेषेवरून परत या. हात सोडून बघू नका. जाताना डावीकडं आणि येताना उजवीकडं ओढली, तर ओढ जमिनीच्या उताराची आहे. जाताना-येताना दोन्ही वेळा डावीकडंच ओढली, तर गाडीत काहीतरी आहे. कुठंच ओढली नाही, तर गाडी निर्दोष आहे. तुम्हाला रस्त्याच्या कडेपासून थोडं आत, मधल्या उंचीच्या जवळ चालायची सवय करावी लागेल, मागून येणाऱ्याला जागा ठेवून.

कडेपासून आत राहण्याचं आणखी एक कारण आहे. काळी जमीन उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावरच्या रस्त्याच्या कडा तुटत राहतात. डांबर संपतं तिथं कधी चार बोटांची, कधी वीतभर पायरी असते. दुचाकीवर आपण अगदी कडेनं जाऊ शकतो. तीनचाकीत पुढचं चाक डांबरावर असताना डावं चाक खाली उतरलेलं असतं. ते उतरलंच तर झटका देऊन वर घेऊ नका. रेस सोडा, सरळ चालू द्या, वेग अगदी कमी करा, आणि पायरी लहान दिसेल तिथं वर या. झटका दिल्यावर गाडी उलटलेली मी दोनदा पाहिली आहे.

हात तपासा

माझ्याकडं येणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्यांचं कारण इथंच सापडतं, म्हणून हे निवांत वाचा.

दुचाकी वेगात असताना तुम्ही ती हॅण्डल फिरवून वळवत नाही. डावीकडं जायचं असलं की तुमचा डावा हात डावी मूठ हलकेच पुढं ढकलतो. पुढचं चाक क्षणभर उजवीकडं जातं, गाडी डावीकडं झुकते आणि झुकली म्हणून वळते. हे तुम्हाला कोणी शिकवलेलं नसतं. पंधरा-सोळाव्या वर्षी दुचाकी शिकताना अंगानं ते आपोआप उचललेलं असतं. म्हणूनच सांगितलं तरी पटत नाही. अनेकजण "आम्ही असं करतच नाही" म्हणतात.

तीनचाकी झुकत नाही. तिथं डावी मूठ पुढं ढकलली की पुढचं चाक उजवीकडं जातं आणि गाडीही उजवीकडं जाते. तुम्हाला हवं त्याच्या बरोबर उलट.

केज तालुक्यातल्या एका गुरुजींचं उदाहरण सांगतो. बावीस वर्षं मोटरसायकलवर शाळेत गेले. अपघातात डावा पाय अधू झाला, मग साइडव्हीलची स्कूटर घेतली. तिसऱ्या दिवशी गावाजवळच्या डाव्या वळणावर गाडी उजवीकडं गेली, रस्ता ओलांडून बाभळीत घुसली. समोरून उसाची ट्रॉली येत नव्हती म्हणून वाचले. त्यांनी गाडी टेम्पोत घालून माझ्याकडं आणली. हॅण्डलच अडकलं, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. मी पुढचं सगळं खोललं. काहीही अडकलेलं नव्हतं. मग त्यांना मैदानात नेलं आणि पंधराच्या वेगात डावीकडं वळायला सांगितलं. मी शेजारून फक्त त्यांच्या मुठींकडं बघत होतो. प्रत्येक वेळी आधी डावा हात पुढं जायचा, मग ते सावरून हॅण्डल फिरवायचे. हळू वेगात सावरायला वेळ मिळतो. चाळीसच्या वेगात मिळाला नव्हता.

त्याच महिन्यात एका अंगणवाडी सेविका ताईंना गाडी दिली होती. लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळं दुचाकी कधी चालवलेलीच नव्हती. त्या दोन दिवसांत तयार झाल्या. त्यांच्या हातांना पुसायचं असं काही नव्हतं. आता दुचाकीचा जुना चालक आला की मी त्याला आधीच सांगतो, नवख्यापेक्षा तुम्हाला जास्त दिवस लागतील आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

सराव असा. रिकाम्या मैदानात वीस पावलांवर दोन विटा ठेवा. त्यांच्याभोवती आठाचा आकडा काढत फिरा, सुरुवातीला चालण्याच्या वेगानं. मनात एकच गोष्ट धरा: जिकडं जायचं तिकडची मूठ स्वतःकडं ओढायची, दुसरी ढकलायची. डावीकडं जायचं तर डावी ओढा. मोठ्यानं "ओढ" म्हणत केलं तर लवकर बसतं, मी सगळ्यांना म्हणायला लावतो. रोज वीस मिनिटं, आठ-दहा दिवस. चालण्याच्या वेगात जमलं की पंधरा, मग वीस, मग पंचवीस. वेग वाढवल्यावर जुनी सवय परत येते, कारण ती वेगातलीच सवय आहे. तसं झालं की वेग पुन्हा खाली आणा.

आणखी एक. या दिवसांत घरात दुचाकी असेल तर तीही चालवत राहू नका. सकाळी ही, संध्याकाळी ती केलं की हातांचा गोंधळ वाढतो, आणि उलट्या सवयीनं दुचाकीवर पडण्याचीही भीती असते. सलग दोन महिने एकच गाडी.

अंग, नजर, पाय

वळणावर दुचाकीवर अंग गाडीबरोबर झुकतं आणि सीटवर घट्ट बसलेलं राहतं. तीनचाकीत गाडी सपाट वळते आणि अंग बाहेर फेकलं जातं. घाबरून माणूस हॅण्डलला लोंबकळतो, आणि त्या ओढीनं हॅण्डल आणखी फिरतं. म्हणून वळणाआधीच कंबरेतून आतल्या बाजूला थोडं कला. डावं वळण असेल तर डावा खांदा डाव्या मुठीकडं न्या. त्यानं आतलं चाक जमिनीला दाबून राहतं. पायात जोर कमी असेल तर मांड्यांनी सीट आवळणं जमत नाही, त्यासाठी पाठीला टेकण आणि कंबरेशी बाजूची आडणी असलेली सीट मिळते. ती लावून घ्या.

बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वीसचा चाळीस केला की जोर चौपट होतो. दुचाकी तो झुकून पचवते. तीनचाकीला तो फक्त चाकांच्या रुंदीवर पेलावा लागतो, आणि पुढं एकच चाक असल्यामुळं पुढच्या बाजूला रुंदी नसतेच. गल्लीच्या काटकोनात दहा, मोठ्या वळणावर वीस-पंचवीस, असा नियम मी सगळ्यांना घालून देतो. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असतानाच मारा. वळणात जोरात ब्रेक मारला की वजन पुढच्या एकट्या चाकावर येतं, आणि उलटायला तेवढं पुरतं.

उजव्या वळणाला जास्त जपा. डावीकडच्या उताराच्या रस्त्यावर उजवीकडं वळताना बाहेरची बाजू आधीच खाली असते, म्हणजे उतार आणि वेग दोन्ही एकाच बाजूला ढकलतात. मांजरसुंब्याच्या घाटात चढताना कोणाला काही वाटत नाही, उतरताना भीती वाटते, त्यात उतरणीच्या वेगाबरोबर हेही असतं.

आता पाय. थांबताना पाय टेकवायची सवय तीनचाकीत सोडायलाच हवी. पाय खाली असताना गाडी पुढं सरकली की मागचं चाक टाचेवर चढतं किंवा किटची पट्टी पोटरीला लागते. ज्या पायात संवेदना कमी आहे, त्याला लागलेलं कळतही नाही. गाडी स्वतः उभी राहते, पायाची गरज नाही. उतारावर थांबताना ब्रेकचं लॉक लावा. तुमच्या किटला ते नसेल तर आजच बसवून घ्या, खर्च किरकोळ आहे.

खड्ड्यांसाठी नजर बदलावी लागते. आत्तापर्यंत तुम्ही एकच रेघ बघत होता, आता तीन बघायच्या. फक्त पुढचं चाक बघून खड्डा चुकवू नका. लहान असेल तर तो दोन चाकांच्या मधून काढा, मोठा असेल तर वेग अगदी कमी करून सरळ घाला. गतिरोधकाच्या टोकाला दुचाकीवाल्यांनी पाडलेल्या फटीतून तीनचाकी जात नाही. एक चाक वर आणि एक खाली राहून ती कलते. गतिरोधक सरळच ओलांडा. शेतरस्त्यावर बैलगाडीची चाकोरी असेल तर तुमच्या चाकांचं अंतर तिच्याशी जुळत नाही, एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचावर राहतं. तिथून चालण्याच्या वेगानंच जायचं.

हवा

इथून गाडीला हात लावायचा. पंक्चरवाल्याकडं दहा-वीस रुपयांत होणारं काम आहे, पण थरथर, डुलणं आणि ओढणं या तिन्हींमागं मला सगळ्यात जास्त वेळा हवाच सापडते.

डाव्या-उजव्या चाकांत हवेचा थोडासा फरकही चालत नाही. कमी हवेचं चाक जड फिरतं आणि गाडी त्या बाजूला ओढते. पुढच्या चाकात हवा कमी असेल तर हॅण्डल जड होतं आणि थरथरतं. मधल्या चाकात कमी असेल तर तो टायर बसतो, वजन साइडच्या चाकांवर जातं आणि मधल्या चाकाची पकड सुटते. ब्रेकवर घसरणाऱ्या चारपैकी एक गाडी मी फक्त हवा भरून परत पाठवतो.

पुढच्या आणि मधल्या चाकासाठी गाडीवरच्या स्टिकरचे आकडे पाळा. साइडच्या चाकांसाठी किटवाल्यानं दिलेला आकडा पाळा, दोन्हींत अगदी सारखा. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. मे महिन्यात दुपारी पारा कधी बेचाळीसच्याही वर जातो, तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो, आणि त्या वेळी काढलेली हवा रात्री कमी पडते. एकाच गेजनं मोजा. दोन दुकानांचे गेज जुळत नाहीत.

टायरही बघून घ्या. तीनचाकी झुकत नाही, त्यामुळं टायर मधोमध सपाट झिजतो. ते स्वाभाविक आहे. पण साइडचा टायर एकाच कडेला झिजत असेल तर ते चाक वाकडं बसलं आहे. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

ओझं आणि चिखल

दुधाच्या किटल्या हॅण्डलला अडकवायच्या नाहीत. हॅण्डल जड होतं, आणि ओझं उंचावर, पुढं, गाडीच्या सगळ्यात अरुंद भागावर येतं. ओझं मागच्या चाकांच्या मध्ये, जितकं खाली ठेवता येईल तितकं खाली ठेवा, आणि दोन्ही बाजूंना सारखं. एका बाजूला कुबड्या आणि पिशवी अडकवलेली गाडीही ओढते. डबलसीटची परवानगी किटनुसार असते. किटवाल्यानं एकासाठी सांगितलं असेल तर एकच.

पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरून बसते, वाळली की विटेसारखी होते. एक चाक अडत असेल तर गाडी त्या बाजूला ओढणारच. काडीनं, पाण्यानं साफ करा आणि चाक हातानं फिरवून बघा. दोन्ही चाकं सारखी सुटी फिरली पाहिजेत.

साफ केल्यावर किटचे नटबोल्ट पान्यानं एकेक बघा. नवीन किटचे बोल्ट पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये बसतात आणि ढिले होतात. मी गाडी देतानाच पंधरा दिवसांनी परत बोलावतो. न येणाऱ्यांच्या गाड्या नंतर "कटकट" आवाज करत येतात. एकच बोल्ट सारखा ढिला होत असेल तर त्याला पुन्हा पुन्हा आवळत बसू नका. भोक मोठं झालेलं असतं किंवा पट्टी वाकलेली असते, ते काम कारागिराचं आहे.

साइडच्या चाकांची उंची

हे घरी बघता येतं, बदलता मात्र येत नाही. सिमेंटच्या सपाट फरशीवर गाडी उभी करा, रोजच्यासारखं बसा आणि दुसऱ्या कोणालातरी मागून बघायला सांगा. मधला टायर खाली स्पष्ट दबलेला दिसला पाहिजे. तो दबलेला नसेल तर साइडची चाकं फार खाली आहेत, गाडी त्यांच्यावरच उभी आहे. इंजिनचा जोर आणि मागचा ब्रेक दोन्ही मधल्या चाकातच असल्यामुळं अशी गाडी ओल्या जागेवर जागीच फिरते आणि ब्रेकवर घसरते. घराच्या रॅम्पवर चढताना तर मधलं चाक हवेतच राहतं.

याच्या उलट, साइडची चाकं जास्त वर असतील तर गाडी डुलते. एकदा या चाकावर, एकदा त्या चाकावर. वळणावर तिचा झोका अचानक जातो आणि पोटात गोळा येतो. पायपट्टीच्या दोन्ही कडांपासून फरशीपर्यंत टेपनं मोजा. बसलेल्या माणसाचं वजन मधोमध असताना दोन्हींकडं सारखं यायला हवं. फरक दिसला तर आकडे लिहून फोटो काढा आणि किट बसवणाऱ्याला पाठवा. माझा अर्धा वेळ त्यानंच वाचतो.

ब्रेक, मग हॅण्डलची बॉल रेस

ओल्या नसलेल्या, रिकाम्या जागी पंधराच्या वेगात मागचा, मग पुढचा ब्रेक वेगवेगळा मारून बघा. साइडव्हीलच्या बहुतेक स्कूटरांत साइडच्या चाकांना ब्रेक नसतो, म्हणजे वाढलेलं सगळं वजन मूळच्या दोन ब्रेकांनाच थांबवायचं असतं. दुचाकीपेक्षा थांबायला जास्त अंतर लागतं, ते मैदानात विटा ठेवून स्वतः मोजून घ्या. ॲक्सलच्या गाडीत मागच्या दोन्ही चाकांना ब्रेक असतात. तिथं ब्रेक मारताच गाडी एका बाजूला फिरत असेल तर दोन्हींची पकड सारखी नाही. लायनर बदलणं आणि ॲडजस्ट करणं हे गॅरेजचं काम, त्यात स्वतः शिकत बसू नका.

थरथर हवा सारखी करूनही राहिली, तर हॅण्डलची बॉल रेस, म्हणजे हॅण्डल ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं बेअरिंग, बघायची. दुचाकी झुकते, त्यामुळं पुढच्या चाकावर बाजूनं फारसा जोर येत नाही. तीनचाकीत प्रत्येक वळणाला येतो. म्हणून बॉल रेस, चाकाचं बेअरिंग आणि तारांचं चाक असेल तर तारा लवकर जातात. पुढचं चाक उचलून खाली भक्कम लाकडी ठोकळा द्या. एकट्यानं करू नका. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, खालून धरून पुढं-मागं हलवा. "कट" असं जाणवलं तर बॉल रेस ढिली आहे. हॅण्डल हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फिरवा, बरोबर मधोमध अडकल्यासारखं झालं तर बॉल रेसला खड्डे पडले आहेत. ती आवळून भागत नाही, बदलावीच लागते.

दोन्ही ठीक असूनही वीस-पस्तीसच्या दरम्यान थोडी थरथर राहत असेल, तर मुठी किती घट्ट धरता ते बघा. आवळून धरलेले हात थरथर वाढवतात. काही गाड्यांना स्टिअरिंग डॅम्पर लावून ती जाते, पण डॅम्पर शेवटी. आधीच लावला तर तो ढिली बॉल रेस झाकून ठेवतो.

रेस दिल्यावर ओढणारी गाडी

ही तक्रार जवळजवळ फक्त मागं ॲक्सल घातलेल्या मोटरसायकलींची असते. काही स्थानिक कारागीर डिफरेन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी) न घालता एकाच मागच्या चाकाला जोर देतात. उजव्या चाकाला जोर असेल तर रेस दिली की गाडी डावीकडं जाते, सोडली की उजवीकडं येते. दोन्ही चाकं एकाच सरळ ॲक्सलला घट्ट बांधली असतील तर गाडी वळायलाच तयार नसते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ते त्याला कापता येत नाही, टायर घासत जातात. ओळखायला सोपं आहे: गाडी बंद, न्यूट्रलमध्ये, मागची दोन्ही चाकं उचलून ठोकळ्यांवर ठेवा आणि एक चाक हातानं फिरवा. दुसरं त्याच दिशेनं फिरलं तर ॲक्सल सरळ बांधलेला आहे, उलट दिशेनं फिरलं तर डिफरेन्शियल आहे. एकाच चाकाला जोर किंवा सरळ बांधलेला ॲक्सल, या दोन्ही प्रकारांत तुमच्या हातात सवय करण्यासारखं काही नाही, गाडीची रचनाच बदलावी लागते.

इथं थांबा

पुढचं काही दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला आणू नका, टेम्पोत घालून आणा. वेल्डिंगच्या जोडावर केसासारखी रेघ किंवा तिथून गंजाचा ओघळ. वेग वाढवल्यावरही न थांबणारी, वाढतच जाणारी थरथर. कोणतंही चाक धरून हलवल्यावर खेळ जाणवणं. अपघातानंतर किंवा गाडी एकदा उलटल्यानंतरची ओढ. एकाच कडेला झिजलेला टायर आणि त्यासोबत सपाट जागेवरही एकाच बाजूला ओढ.

हे काम किट बनवणाऱ्याच्या माणसाकडं किंवा अशा गाड्यांचं काम करणाऱ्याकडंच द्या. रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याकडं नाही. तो चांगला कारागीर असेल, पण गेट जोडणं आणि माणसाचं वजन पेलणारा चालता सांगाडा जोडणं वेगळं. तडा गेलेल्या पट्टीवर वरून वेल्डिंगचा थर चढवला की शेजारची पट्टी तुटते. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंजिनचा कॉम्प्युटर असतो. बॅटरी आणि त्याच्या पिना न काढता वेल्डिंग केलं तर तो जळू शकतो, मग खर्च किटपेक्षाही जास्त होऊ शकतो. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी उडण्याचा धोका वेगळाच. इलेक्ट्रिक स्कूटरला तर माहीतगाराशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका.

हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली होत असेल, खांदा रात्रीही दुखत असेल, तर गाडीत शोधत बसू नका. डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. कुबडी वापरणाऱ्यांच्या हातांवर आधीच ताण असतो.

कागदपत्रांचंही काम बाकी ठेवू नका. गाडीत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओची मंजुरी लागते आणि आरसीवर नोंद करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनं दिव्यांग व्यक्तीसाठी बदललेल्या वाहनाची व्याख्याच कायद्यात आली आहे, त्यामुळं हा मार्ग रीतसर खुला आहे. लायसन्सवरही त्या प्रकारच्या गाडीची नोंद हवी. नोंद नसलेल्या गाडीच्या अपघातात विमा कंपनी दावा अडवू शकते. किट बसवणाऱ्याकडून बिल आणि किटच्या मंजुरीचा कागद त्याच दिवशी मागून घ्या. दोन वर्षांनी दुकान बंद झालेलं असलं की तो कागद मिळत नाही, आणि आरटीओत आधी तोच मागतात.

कोणाकडंही गाडी नेताना चार गोष्टी लिहून न्या: सपाट जागेवर ओढते की फक्त रस्त्यावर, कोणत्या वेगात थरथरते, तिन्ही-चारही चाकांतली सकाळची हवा, आणि पायपट्टीची दोन्ही बाजूंची उंची. एवढं हातात दिलं तर चांगला कारागीर गाडी खोलण्याआधीच तुम्हाला खर्चाचा अंदाज सांगू शकतो.